सुरंगीचा रविवार

आमचा शेजारी बाबुसो रोज वेगळ्या झाडाखाली आंघोळ करतो.

ओजस आणि रेवा, हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण फेब्रुवारीत व्हिडिओ कॉलवर तुम्ही नेमकं तेच पाहिलंत. तुमच्याकडे रविवारची रात्र होती आणि इथे सोमवारची सकाळ. खिडकीबाहेरची माझी आबोली तुम्हाला दाखवावी म्हणून मी फोन फिरवला. आबोली दिसली, पण तिच्यामागे, कुंपणापलीकडे, कमरेला पंचा गुंडाळलेले एक गृहस्थ लिंबाखाली दगडावर बसून पाठीला साबण लावतानाही दिसले. रेवाने विचारलं, "आजी, त्या आजोबांच्या घरात बाथरूम नाही का?" मी म्हटलं, आहे. आणि घाईघाईने तुमच्या शाळेची चौकशी केली.

तेव्हा उत्तर अर्धवट राहिलं. ते आता क्रमाने देते.

बाबुसोच्या घरात न्हाणी आहे. टाइल्स लावलेली, नळ असलेली, गरम पाण्याची सोयही आहे. पण तिच्यात तो नारळ ठेवतो. न्हाणीच्या दारावर कोळशाने वेळापत्रक लिहिलेलं आहे: सोमवार लिंब, मंगळवार माड, बुधवार केळी, गुरुवार पेरू, शुक्रवार चिकू, शनिवार अनंत आणि, परवापरवापर्यंत, रविवार सुरंगी. ज्या झाडाचा वार, त्याच्या आळ्याजवळ सपाट दगड ठेवायचा आणि दोन बालद्या पाण्याने आंघोळ करायची. अंग आपलं धुतलं जातं, पाणी झाडाला मिळतं. साबणाचे वार दोनच, लिंब आणि माड. बाकीच्या दिवशी चण्याचं पीठ. रविवारी शिकेकाई, डोक्यावरून.

आमच्या पेडण्याच्या या भागात पाऊस पडतो तेव्हा इतका पडतो की पायपुसण्याला बुरशी येते. पण तो एकदा गेला की गेलाच. शिवरात्रीच्या सुमारास विहिरीचा दोर दोन हात जास्त सोडावा लागतो, नळाला दिवसाआड पाणी येतं आणि अंगणातली माती पावलाखाली खरखरते. नेमक्या त्याच दिवसांत सगळ्या झाडांना फुलायचं असतं. आंबा-काजू मोहोरतात, पांगारा पानं टाकून लालभडक उभा राहतो, आबोलीला तर उसंत नसते. बाबुसोचं म्हणणं असं की एवढं सगळं जिवावर उदार होऊन फुलत असताना माणसाने गटारात पाणी सोडणं हा नुसता उद्धटपणा आहे.

तो सांगतो ते मोठ्याने सांगतो. जन्मभर फेरीबोटीवर खलाशी होता. इंजिनाच्या वर आवाज चढवून गाड्या बोटीवर घ्यायच्या, "फुडे, फुडे, आणखी फुडे... बस्स!" असं करत. निवृत्त झाला तरी हात आणि आवाज दोन्ही तसेच राहिले. आता तो पाटाच्या पाण्याला बोलावतो. खोऱ्याने माती बाजूला करतो, पाणी वळतं, आणि हा त्याच्यापुढे उलटा चालत दोन्ही हातांनी खुणा करतो, "फुडे, फुडे, डाव्या अंगाक घे... बस्स." पाणी पेरवाच्या आळ्यात शिरलं की समाधानाने हात झटकतो. मी एकदा विचारलं, इतकी वर्षं नदीवर काढलीस, पाण्याचा कंटाळा नाही आला? तो म्हणाला, "टीचर, तितक्या पाण्यार रवलंय, पण त्यातलो एक तांब्यो झाडाक घालूक गावलो नाय. सगळां खारां." मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, मला निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण त्याच्यासाठी मी टीचरच.

त्याचा एक ठरलेला प्रश्न आहे. कोणाच्याही घरी गेला की तो चहा घेतो, इकडचं तिकडचं बोलतो, आणि कुठे पाण्याचा आवाज आला की कप खाली ठेवून विचारतो, "ह्यां पाणी खंय जाता?" बारशाला गेला तरी विचारतो. मयताच्या घरीही विचारल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. बायकोने, म्हणजे शालूवहिनीने, त्याला कोपराने ढोसलं तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला की माणूस गेला त्याचं वाईट वाटतंच, पण पाठीमागे मोरी वाहते आहे.

आमचं कपडे धुण्याचं मशीन आलं त्या दिवशी मी पकडले गेले. मशीन पहिल्यांदा पाणी सोडत होतं. बाबुसो कुंपणाशी येऊन उभा राहिला, डोकं एका बाजूला कलतं करून ऐकलं आणि प्रश्न विचारला. मी सांगितलं, गटारात. मी कोणाच्या तरी निधनाची बातमी दिल्यासारखा तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मागच्या भिंतीपासून त्याच्या केळीपर्यंत उभा चिरलेला बांबू बसवलेला होता. उतार अचूक. तेव्हापासून मी कपडे धुते ते जणू त्याच्याच परवानगीने. सकाळी पलीकडून हाक येते, "टीचर, आज पांढरे की रंगीत?" रंगीत असले तर तो बांबू केळीकडून काढून कुंपणाच्या मेंदीकडे वळवतो. माझ्या कुठल्या साडीचा रंग जातो हे या वाड्यात मला आणि बाबुसोला, दोघांनाच ठाऊक आहे.

पाहुण्यांचं तर विचारू नका. मागे एकदा हरमलच्या किनाऱ्यावरून आत भटकायला आलेला एक गोरा तरुण त्याच्या दारात थांबला. स्कूटर तापली होती, त्याने अंगठा तोंडाकडे नेऊन पाण्याची खूण केली. बाबुसोने त्याला आधी पिण्याचं पाणी दिलं, मग पंचा दिला, मग हात धरून पेरवाखालच्या दगडावर बसवलं आणि दोन बालद्या डोक्यावर ओतल्या. गुरुवार होता. तो तरुण इतका खूश झाला की पुढच्या गुरुवारी दोन मित्र घेऊन आला. त्यांनी मात्र शाम्पू आणला होता. मला बोलावणं आलं. "टीचर, त्यांका इंग्लिशीत सांगा, पेरवाक फेस चलना नाय." मी माझ्या सगळ्यात स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. ते तिघे रशियन निघाले. त्यांना एक शब्द कळला नाही, पण बाबुसोने शाम्पूच्या बाटलीकडे ज्या नजरेने पाहिलं ती कळली.

तुमच्या आंघोळीचीही त्याने सोय केलेली आहे. दर मे महिन्यात तो विचारतो की नातवंडं यंदा येणार का. येत नाही म्हटलं की म्हणतो, "रवांदे. शुक्रवार तेंचो. चिकू खंय पळान जाता?"

आता सुरंगीकडे येते, कारण सांगायचं आहे ते तिथेच आहे.

तुम्ही सुरंगी पाहिलेली नाही. आंब्यासारखं गर्द, जाड पानांचं झाड. शिमग्याच्या आगेमागे त्याच्या फांद्यांना, अगदी लाकडालाच चिकटून, मोत्यांएवढ्या कळ्या येतात. त्या उमलण्याआधी काढायच्या आणि ओवायच्या. त्या गजऱ्याला आम्ही वळेसर म्हणतो. आत पिवळाधमक पराग असतो आणि वास असा की वळेसर घातलेली बाई बसमध्ये पुढच्या दाराने चढली तर शेवटच्या बाकावरच्यांना कळतं. सुकला तरी वास जात नाही. माझ्या आईच्या लग्नातला वळेसर तिच्या शालूच्या घडीत कितीतरी वर्षं होता.

बाबुसोच्या अंगणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात सुरंगीचं एक झाड आहे. सतरा वर्षांचं. गेल्या वर्षापर्यंत त्याला एक कळीसुद्धा आलेली नव्हती. वाड्यातले लोक येता-जाता चेष्टा करायचे, की रविवारच्या शिकेकाईने झाडाचे केस वाढले, फुलं काही येईनात. इतर कशावरही हसणारा बाबुसो यावर हसायचा नाही. त्या झाडाला विहिरीचं पहिलं पाणी मिळायचं, मासे धुतलेलं पाणी मिळायचं, पावसाळा सोडला तर एक रविवार चुकायचा नाही. एकदा तो तापाने फणफणला होता, तेव्हा शालूवहिनीने त्याला आंघोळ करू दिली नाही. तर याने पलंगावरून तिलाच सुरंगीखाली नाहायला पाठवलं. ती वैतागून साडीसकट जाऊन बसली.

असं काय आहे त्या झाडात, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. माझं घर नंतर झालं. ते शालूवहिनीने सांगितलं, पापडाच्या लाट्या करताना, मान वर न करता.

त्या कोपऱ्याला लागून, अंगणात थोडी पुढे, आधी बाबुसोच्या आईने लावलेली मोठी सुरंगी होती. बाबुसोला एकच थोरली बहीण, मालनबाय. लहानपणी मालनबाय त्या झाडावर चढायची, हा खाली चादर धरून उभा राहायचा, आणि आई उंबऱ्यात बसून ओवायची. पुढे मालनबायचं लग्न होऊन ती सावंतवाडीच्या बाजूला गेली. पण दर वर्षी सुरंगी फुलली की ती माहेरी यायची. बाकी कुठल्या सणाला आली नाही तरी चालायचं, सुरंगीला यायची. आई गेल्यावरही येत राहिली, आणि उंबऱ्यातली आईची जागा तिने घेतली.

मग खाणींचे दिवस आले. डिचोलीकडे रस्ते लाल झाले, ज्याला त्याला ट्रक घ्यायचा होता. बाबुसोनेही घेतला, ड्रायव्हर ठेवला. ट्रक घेतला पण तो लावायचा कुठे? अंगणात वळण बसेना. मध्ये सुरंगी होती. बाबुसोने ती तोडली. शालूवहिनी म्हणाली, "माका इचारल्यान नाय. खंयच्या झाडाक इचारतलो?"

त्या शिमग्याला मालनबाय नेहमीसारखी दुपारच्या बसने आली. बाबुसो ठरल्याप्रमाणे पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर उभा. तिने फाटकातून आत पाहिलं. सुरंगीच्या जागी नवा कोरा ट्रक, समोर लिंबू-मिरची बांधलेला. ती पुढे आली नाही. पाय धुतले नाहीत. एवढंच म्हणाली, "सुरंगी फुलली काय सांग. मगे येतंय." आणि परतीच्या बसची वाट पाहत रस्त्यावर जाऊन उभी राहिली. बाबुसो तांब्या घेऊन तसाच उभा होता. बस गेली, तेव्हा तो तांब्या त्याने ट्रकच्या चाकाशी उरलेल्या खोडाच्या मुळावर ओतला. येणाऱ्या पावसात शेजारीच, कोपऱ्यात, नवं रोप लावलं.

पुढे खाणी बंद पडल्या. ट्रक तिथेच उभा राहून गंजला आणि शेवटी भंगारात गेला. जागा पुन्हा रिकामी झाली. पण मालनबाय आली नाही.

तुम्ही म्हणाल, भांडण होतं तर मिटवायचं. पण भांडण नव्हतंच, हीच तर अडचण होती. दर भाऊबीजेला बाबुसो तिच्याकडे जायचा. ती ओवाळायची, पोटभर जेवू घालायची, याच्या मधुमेहाबद्दल याला झापायची. लग्नकार्यात दोघं शेजारी बसून बाकीच्या नातेवाइकांना नावं ठेवायची. फक्त निघताना ती दारात एकच शब्द विचारायची, "फुलली?" आणि हा म्हणायचा, "नाय." सोळा भाऊबीजा हे असंच चाललं. शब्द दिला होता आणि दोघंही एकाच आईची. मागे घेणार कोण?

सतराव्या भाऊबीजेहून बाबुसो परत आला तो पाटाकडे न जाता सरळ माझ्याकडे आला. खुर्चीवर बसला. आत माझ्या स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, त्याने विचारलं नाही. मला काळजी वाटली. मग म्हणाला की मालनबायचा मुलगा तिला बंगळूरला घेऊन जातोय. शिमगा झाला की. गुडघे गेले आहेत, आता एकटी राहू देत नाही. घराला कुलूप. "म्हणजे टीचर, ह्यो शिमगो. मगे फुलली तरी कोणाक सांगू?"

त्याच्या पाठीमागे, गच्चीच्या कठड्यावरून, माझी बोगनवेल खाली आली होती. मी तिच्याकडे पाहत होते आणि मला एक गोष्ट आठवली.

आदल्या हिवाळ्यात मी तीन महिने तुमच्याकडे होते ना, तेव्हा गच्चीला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे ठेवायची हे माझ्या यादीत लिहिलेलं होतं, पण ती यादीच मी पर्समध्ये घालून एडमंटनला नेली. तीन महिने बोगनवेलीला थेंब मिळाला नाही. परत आले तेव्हा मला वाटलं काड्याच उरल्या असतील. तर पान दिसत नव्हतं इतकी फुलली होती. त्याआधी सहा वर्षं मी तिला रोज नेमाने पाणी घालत होते आणि ती मला नेमाने पानं देत होती.

मी बाबुसोला म्हटलं, सुरंगीचं पाणी तोड.

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला पोटच्या पोराला उपाशी ठेवायला सांगितलं. मी समजावलं. रानातल्या सुरंगीला पावसाळ्यानंतर कोण पाणी घालतं? काजूला कोण घालतं? झाडाला वाटलं पाहिजे की दिवस कठीण आले, तेव्हा ते फुलायचं मनावर घेतं. तुझ्या सुरंगीला सतरा वर्षांत एकदाही तहान लागलेली नाही. ती कशाला फुलेल? माझ्या बोलण्याला शास्त्राचा आधार किती होता कोण जाणे. होती ती एक बोगनवेल. बाबुसो उठला. जाताना म्हणाला, "माझ्या आवशीन लायलेली सुरंगी मी तोडलंय. आता ही तानेन मारू?"

तुळशीचं लग्न झाल्यावर एका सकाळी मी पाहिलं तर न्हाणीच्या दारावरच्या वेळापत्रकात रविवारपुढचं "सुरंगी" त्याने पुसलं होतं. दुसरं झाड लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, मग रविवारी कुठे? तो म्हणाला, खंयच नाय. तो वार दुसऱ्या झाडाला द्यायला त्याचं मन घेईना. आणि रविवार न्हाणीत काढायचा तर नारळ हलवायला लागणार. तेव्हा रविवारी तो आंघोळच करीनासा झाला. शालूवहिनीने मला कुंपणापाशी बोलावून हात जोडले. "टीचर, तुमी झाडाचां पाणी तोडलात. माझ्या घोवाचां कित्याक तोडलात?"

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. ते दोन महिने मला अजून आठवतात, कारण बाबुसोवर पहारा करायचं काम आम्हा दोघींवर होतं. तो बाकीच्या झाडांमध्ये स्वतःला बुडवून घ्यायचा. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं रचली, आबोलीवर झावळ्यांची सावली केली, तांबड्या भाजीचे वाफे केले, मिरचीची रोपं लावली, शेवंतीचे फुटवे वेगळे केले. त्याच्या अंगणात यंदा जितकी फुलं आली तितकी कधी आली नसतील. पण पूर्वेच्या कोपऱ्यात गेला की त्याचे पाय अडखळायचे. सुरंगीची पानं मलूल झाली होती, काही पिवळी पडून गळत होती. एकदा भर दुपारी मी त्याला पकडलं. तो झाडाशी उभा राहून चूळ भरत होता. मी फक्त "बाबुसो" म्हटलं. त्याने गाल फुगवलेले तसेच ठेवून माझ्याकडे पाहिलं, चालत पेरवापर्यंत गेला आणि तिथे चूळ टाकली.

माझी झोप उडाली होती, हेही सांगितलं पाहिजे. झाड मेलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

मार्च लागला. ढोल बाहेर निघाले. एका गुरुवारी सकाळी बाबुसोच्या अंगणातून मला काही ऐकू येईना. बालदी नाही, "फुडे, फुडे" नाही. मी जाऊन पाहिलं तर तो सुरंगीखाली उभा होता, अंगावर चण्याचं पीठ तसंच, आणि शालूवहिनी पंचा घेऊन त्याच्या बाजूला. त्याने बोट दाखवलं. खालच्या एका जुन्या फांदीच्या बगलेत, सालीला चिकटून, कळ्या होत्या. मी मोजल्या. सवय आहे. तेवीस.

"गणू नका टीचर," तो म्हणाला, "लाजतली."

दोन दिवसांनी कळ्या फुगून पांढऱ्या झाल्या. शनिवारी पहाटे त्याने त्यातल्या पंधरा काढल्या. शालूवहिनीने त्या केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात ओवल्या. एवढासा वळेसर, माझ्या मनगटाला पुरला नसता. फोन करायचा नाही असं त्याने आधीच ठरवलं होतं. फोनवर सांगितलं तर मालनबाय म्हणेल, थापा मारतोस. सकाळची सावंतवाडीची बस आमच्या फाट्यावरून जाते, तिचा ड्रायव्हर पातोळ्यांसाठी हळदीची पानं, औषधं, निरोप, सगळं नेऊन पोहोचवतो. त्याच्या हाती वळेसर द्यायचा, सोबत चिठ्ठी. चिठ्ठी मी लिहायची.

तो सांगू लागला आणि मी लिहू लागले. विहिरीला पाणी किती आहे. आबोली कशी आहे. ट्रक भंगारात गेला ते. आईच्या सुरंगीच्या उरलेल्या खोडाला त्याने पुन्हा कधी कुऱ्हाड लागू दिली नाही ते. गुडघ्यांना कसलं तेल लावायचं ते. पान भरलं. मी वाचून दाखवलं. त्याने मान हलवली, तो कागद माझ्या हातातून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, दुसरो घ्या. दुसऱ्या कागदावर दोन वाक्यं आहेत. सुरंगी फुलली. पाणी काढून ठेवतंय.

फणसाच्या पानांत वळेसर गुंडाळून तो फाट्यावर गेला. ड्रायव्हरने बस थांबवली तेव्हा, शालूवहिनी सांगते, सगळ्या बसने वळून पाहिलं. पुडीवर नाव लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच मी पाहिलं, न्हाणीतले नारळ बाहेर व्हरांड्यात ओळीने मांडले होते आणि न्हाणीचं दार आतून बंद होतं. बाबुसो चार भिंतींच्या आत आंघोळ करत होता. बाहेर आला तो इस्त्रीचा सदरा घालून. मग तांब्या घासला. मग पुन्हा घासला.

दुपारच्या बसने मालनबाय आली. मी खिडकीत होते, आणि बाजूला होण्याइतकी माझी शिस्त त्या दिवशी नव्हती. काठी टेकत, एका हातात पिशवी, केसांत तो एवढासा सुकलेला वळेसर. फाटकाशी थांबली. आत पाहिलं. बाबुसो पायरीवर तांब्या धरून उभा होता.

मग ती आत आली. घराकडे नाही, सुरंगीकडे. काठीच्या टोकाने खालची फांदी हळूच वर केली आणि उरलेल्या कळ्या पाहिल्या.

"इतकीच?" ती म्हणाली.

"पैलेंच वर्स गे बाय."

"ट्रक खंय?"

"भंगारात."

"बरां झालां."

ती झाडाखालच्या त्या सपाट दगडावर बसली, आंघोळीच्या. चपला काढल्या, पाय पुढे केले. बाबुसो तांब्या घेऊन वाकला आणि पाणी नेहमीसारखं आळ्यात जाईल अशा बेताने ओतू लागला, तसे तिने पाय मागे घेतले. "अरे, फुलल्या सुरंगीच्या मुळात पाणी घालतत? कळ्यो गळतल्यो. आवशीन इतक्यां पण शिकवक नाय तुका?"

बाबुसो तांब्या धरून तसाच वाकलेला राहिला. सतरा वर्षं तो ज्या झाडाला पाणी पाजत होता, त्याच्याबद्दलची ही एवढीशी गोष्ट या बाईला आठव्या वर्षापासून ठाऊक होती.

मग त्याने तिला धरून उठवलं, अंगणाच्या मध्यभागी, जिथे पूर्वी ट्रक उभा असायचा, तिथे दगड नेऊन ठेवला आणि तिला बसवलं. तिथे आळं नाही, पाट नाही, झाड नाही. त्याने तिच्या पायांवर तांब्या ओतला. मग बालदीतून भरून दुसरा. मग तिसरा. तो तिच्या टाचांवरची लाल धूळ अंगठ्याने चोळून काढत होता, आणि ती त्याच्या डोक्यावरून माझ्या खिडकीकडे, मी कोण ते न कळून, बघत होती.

पाणी अंगणभर पसरलं. उताराने फाटकाकडे गेलं, फाटकाखालून बाहेर पडलं आणि रस्त्याच्या कडेने वाहत गटारापर्यंत पोहोचलं. बाबुसोने मान वर करून पाहिलं नाही. ते पाणी कुठे जातं, हे त्या दिवशी त्याने कोणालाच विचारलं नाही.